साखळी इथवर आली नाही

पैलाडचा इतिहास लिहून द्या म्हणालात,
पण माझ्याकडे कागद एकही नाही.
बत्तीस वर्षं मी तिथे टपाल टाकलं,
तेही कोठरे पोस्टाच्या शिक्क्यानं.
पैलाडचा शिक्का कधी झालाच नाही.

नाव तरी कुठे त्यांनी ठेवलेलं.
कोठऱ्याची माणसं खाडीकडे हात करून म्हणायची, पैलाड.
समोरच्या काठावरून मिरवण्याचीही म्हणायची, पैलाड.
मधल्यांनी मग तेच नाव घेतलं.
“आणि ऐलाड खंय?” मी एकदा विचारलं.
सोनू खडपे जाळ्याची गाठ दातांत धरून
नुसता हसला.

मोजणीची गोष्ट मात्र पोरासोरांनाही पाठ.
इंग्रजी अमलात मोजणीदार आला,
साखळी ओढायला चार गडी,
आणि त्या दिवशी नेमकं उधाण.
तिसऱ्या खुंटीपाशी साखळी पाण्यात गेली.
ओहोटीची वाट बघत तो रवळू भंडाऱ्याच्या मांडवात टेकला.
माडी ताजी होती.
पाणी ओसरेपर्यंत ऊन कललं,
मोजणीदार त्याआधीच.
नकाशावर त्यानं लिहिलं : खाजण, पडीक.
त्या पडिकात तेव्हा अकरा चुली पेटत होत्या.

जमीन मोजलेली नाही, म्हणून सातबारा नाही,
सातबारा नाही, म्हणून भावाभावांत कोर्टही नाही.
आम्हा कोठरेकरांना याचा थोडा हेवा वाटतो,
लिहू नका हे.

आत शिरलं की आधी वास.
चिखलात पुरलेली नारळाची सोडणं,
सहा-सहा महिने कुजणारी.
मग बायांच्या काठ्यांचा आवाज,
काथ्या सोलत, सुंभ वळत.
त्या सुंभानं कुणाकुणाची गलबतं बांधली,
ती कुठे लागली, कुठे फुटली,
वळणाऱ्या हातांना कुणी कळवलं नाही.

तर अब्बास तांडेलाची.
भाडं म्हणजे घरटी वर्षाला पायली भात.
रात्री काठावरून “तऽऽर” अशी हाक आली की
तो आवाजावरून माणूस ओळखायचा,
आणि कामावरून घाई.
सुईणीसाठी हाक वेगळी असते म्हणायचा.

पटकीच्या साली दोन्ही गावांनी काठ बंद केले.
तरीत भात ठेवायचे, दोर सैल सोडायचे,
ओहोटी तर ओढून न्यायची वाडीला.
रिकामी तर परत आली म्हणजे कुणीतरी आहे.
गेलेल्यांमागे एकेक माड लावला, एकोणीस.
मी मोजले तेव्हा चार उभे होते,
त्यातल्या एकाला वीज चाटून गेलेली.

पाकिटांवरचे पत्ते अजून आठवतात.
‘हाजराबी, वाकड्या माडाखालचं घर,’ शिक्का मोम्बासाचा.
नवरा आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा.
पत्र मीच वाचून दाखवायचो.
एकदा तार आली, ती मी वाचली नाही,
होडीत बसूनच तिच्या हातात दिली.
तिला अक्षर येत नव्हतं.
तरी कळलं.

खडप्यांच्या घरातून पंचायतींची हद्द जाते,
चूल कोठऱ्यात, ओटी मिरवण्यात.
रेशन इथलं, मत तिथलं,
आणि नळ दोघांच्या पुढच्या बजेटात.
शाळा अब्बासच्या पडवीत भरायची,
पट सातावर आला, गुरुजी बदलून गेले,
फळा अजून आहे, त्यावर बोंबील सुकतात.

मग पूल झाला.
वाडीच्या डोक्यावरून गेला, खाली उतरलाच नाही.
तर काठावर उलथी पडली.
वरून गाड्या थांबतात, माणसं फोटो काढतात
माडांचे, कौलांचे, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या लुगड्याचे.
एक खांब मात्र खडप्यांच्या विहिरीशेजारी रोवला गेला,
त्यावर पांढऱ्या रंगात आकडा : ७.
सरकारनं त्या जागेला दिलेला हा पहिलाच नंबर.

परवा सहज पुलावर गेलो होतो.
कुरिअरचा पोरगा कठड्याला टेकून ओरडत होता,
“खांब सात! खांब सात!”
खालून सोनूच्या नातवानं हात केला.
पोरानं खोकं दोराला बांधलं
आणि दोर हळूहळू सैल सोडला.